चूर्ण घेऊनही कुंथावे का लागते?

वेंगुर्ले तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव न देता पत्र थोडक्यात छापत आहोत.

‘माझे वय ४१ असून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कॉलेजात असल्यापासून मला पोट साफ न होण्याचा त्रास आहे. आता तीन-चार दिवसांनी एकदा शौचाला होते आणि त्यासाठीही अर्धा-पाऊण तास बसावे लागते. सात-आठ वर्षांपासून रात्री झोपताना सोनामुखीचे चूर्ण घेते. पूर्वी एक चमचा पुरत असे, आता दोन घेतले तरी भरवसा नसतो. इसबगोल घेऊन पाहिले, तर पोट फुगून अधिकच कोंडल्यासारखे झाले. घर नव्याने बांधल्यापासून कमोड आहे, तेव्हापासून त्रास वाढला असे वाटते. गेल्या वर्षी दुर्बिणीने मोठे आतडे तपासले, ते नॉर्मल आले. थायरॉईड आणि साखरही ठीक आहे. सध्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. लिहायला संकोच वाटतो, पण चूर्णाने शौच पातळ झाले तरी जोर केल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि कधी कधी पुढच्या बाजूने बोटाने दाब द्यावा लागतो. दोन बाळंतपणे झाली, पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला होता. सासूबाई म्हणतात, मळ साठून अंगात विष भिनते. माझे आतडे मेले आहे का? की ही कॅन्सरची सुरुवात आहे? आणखी एक. चौथीतली माझी मुलगीही शाळेत संडासला जायचे टाळते आणि तिच्या चड्डीला डाग लागतात. तिला कसे सांभाळावे?’

उत्तर:

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे, जे लिहिताना आपल्याला संकोच वाटला. शौच पातळ असूनही जोर केल्याशिवाय बाहेर पडत नाही आणि पुढून दाब द्यावा लागतो, ही माहिती माझ्या दृष्टीने दुर्बिणीच्या अहवालापेक्षा अधिक बोलकी आहे. ती आपण आजवर कोणत्याही डॉक्टरांना सांगितली नसावी, असा माझा अंदाज आहे. मळ आतड्यातून पुढे सरकणे आणि तो शरीराबाहेर पडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपण आजवर केलेले सगळे उपाय पहिल्या क्रियेवरचे आहेत आणि आपली अडचण, पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, मुख्यतः दुसऱ्या क्रियेत आहे. केवळ पत्रावरून निदान करता येत नाही, तपासणी लागेलच. परंतु तपासणीत नेमके काय पाहावयाचे हे आपल्याला आधीच ठाऊक असेल, तर पुढची वणवण वाचेल. म्हणून आतड्याचे काम कसे चालते ते आधी थोडे सविस्तर सांगते.

आपण प्यालेले पाणी, खाल्लेल्या अन्नातला ओलावा, लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून दिवसाकाठी आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो आणि साधारण दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतो. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते आणि त्याचे मुख्य काम या दीड लिटरमधले पाणी व क्षार परत रक्तात घेणे हे असते. शेवटी मळाबरोबर बाहेर पडते ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. मळ आत जितका अधिक काळ राहतो तितके त्यातले पाणी अधिक ओढले जाते आणि तो खडा होतो, हे इतके सरळ आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा सगळा प्रवास निरोगी माणसातही साधारण एक ते तीन दिवसांचा असतो आणि त्यातला मोठा वाटा मोठ्या आतड्यातच जातो. त्यामुळे रात्री जेवलेले सकाळी पडलेच पाहिजे, ही आपल्याकडची समजूत शरीराच्या हिशेबात बसत नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या मर्यादेत कुठेही असलेली सवय, त्रास नसेल तर, निरोगीच समजली जाते.

मोठे आतडे मळ सतत पुढे ढकलत नसते. दिवसाचा बहुतेक वेळ ते जागच्या जागी आकुंचन पावून आतला ऐवज घुसळत असते, जेणेकरून पाणी शोषले जावे. दिवसातून मोजक्याच वेळा एक जोरकस लाट उठते आणि मळाला लांबवर, थेट मलाशयाच्या दिशेने, ढकलून देते. रात्री झोपेत या लाटा जवळजवळ थांबलेल्या असतात; त्या उठतात त्या मुख्यतः सकाळी जाग आल्यावर आणि जेवणानंतर. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याला हालचालीचा संकेत मिळतो. घास पोटात गेला की लगेच परसाकडे धावणाऱ्या माणसाची घरात थट्टा होते, पण त्याच्या बाबतीत ही स्वाभाविक व्यवस्थाच जरा उत्साहाने काम करत असते. या लाटेचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. ती काही मिनिटांत ओसरते, आणि तिच्याबरोबर आलेली शौचाची भावना दाबून टाकली तर मलाशय सैल होऊन मळाला सामावून घेते आणि भावना नाहीशी होते. आयुर्वेदाने मळाचा वेग हा न अडवण्याच्या वेगांत घातला आहे. आतड्याचे शरीरशास्त्र पाहिले तर त्यात खोट काढण्यासारखे काही नाही.

आता शेवटच्या टप्प्याकडे वळू, कारण आपल्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. लाटेने मळ मलाशयात आला की मलाशयाची भिंत ताणली जाते. गुदद्वाराभोवती दोन वर्तुळाकार स्नायू आहेत. आतला स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाही. मलाशय ताणले गेले की तो आपोआप सैल पडतो आणि आत आलेले घन आहे, पातळ आहे की नुसता वारा आहे, हे गुदनलिकेचे संवेदनशील अस्तर ओळखते. गच्च भरलेल्या एस.टी.त बसलेला माणूस याच ओळखीवर विसंबून निर्णय घेत असतो. बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो आणि योग्य जागा मिळेपर्यंत तो आपण आवळून धरतो. या दोघांखेरीज तिसरा एक स्नायू आहे, ज्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नसते: प्युबोरेक्टॅलिस. जननेंद्रियांच्या वरच्या हाडापासून निघून तो मलाशयाच्या मागून वळसा घालून परत पुढे येतो आणि मलाशयाला पुढे ओढून धरतो, त्यामुळे मलाशय आणि गुदनलिका यांच्यामध्ये जवळजवळ काटकोनाइतका बाक तयार होतो. उभे असताना, चालताना, खोकताना मळ आत राहतो त्यात या बाकाचा मोठा हात असतो. शौचाच्या वेळी मात्र छाती आणि पोट यांमधला पडदा व पोटाचे स्नायू वरून दाब देतात, आणि त्याच क्षणी हा वळसा व बाहेरचा स्नायू ढिले होऊन बाक सरळ होतो. वरून दाब आणि खालून सैलपणा यांचा मेळ बसला की फारसा जोर न लावता काम होते.

काही माणसांत हा मेळ बिघडतो. वरून जोर करताना खालचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात, किंवा निदान पुरेसे सैल होत नाहीत. खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे झडपेचे दार, असते हे आपल्याला सांगावयास नको. ओहोटीला तिची झडपच उघडली नाही तर आत आणखी पाणी सोडून शेत रिकामे होत नाही. रेचक घेऊन मळ पातळ करणे हे असे आणखी पाणी सोडणे आहे. म्हणून आपल्याला पातळ शौचालाही कुंथावे लागते, झाल्यावरही काही राहिल्यासारखे वाटते आणि अर्धा-पाऊण तास जातो. या बिघाडाला वैद्यकीय भाषेत डिससिनर्जिक डिफिकेशन म्हणतात. त्यात स्नायू निकामी झालेला नसतो, मज्जातंतूही बहुधा ठीक असतात. नकळत जडलेली ती एक चुकीची सवय असते आणि म्हणूनच ती सोडवता येते. आपले आतडे मेलेले नाही. मेलेल्या आतड्याने चूर्णाला पातळ शौचाचे उत्तर दिले नसते.

दीर्घकाळच्या बद्धकोष्ठतेचे डॉक्टर ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. पहिल्यात मळ पुढे सरकण्याची गती नेहमीसारखी असूनही तो कडक होतो आणि त्रास होतो. हा सर्वांत जास्त आढळतो आणि आहार, इसबगोल, साधी औषधे यांना तो बहुधा दाद देतो. दुसऱ्यात मोठ्या आतड्याची गतीच मंदावलेली असते. तिसरा प्रकार म्हणजे बाहेर पडण्याची अडचण. प्रकार एकमेकांत मिसळलेलेही असतात, आणि बाहेर पडण्याची अडचण दीर्घकाळ राहिली की मागचे आतडेही मंदावते. दार सुधारले की ही गती पुष्कळदा आपोआप सुधारते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोम ४’ या आंतरराष्ट्रीय निकषांत बद्धकोष्ठता ठरवताना आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणे ही सहा लक्षणांपैकी फक्त एक खूण आहे. बाकीची पाच म्हणजे जोर करावा लागणे, मळ खड्यांसारखा असणे, पूर्ण न झाल्याची भावना, काही अडल्यासारखे वाटणे आणि हाताने मदत करावी लागणे. म्हणजे आपल्याला लाज वाटली ती गोष्ट जगभरच्या डॉक्टरांनी निकषात लिहून ठेवली आहे, इतकी ती सामान्य आहे.

ही सवय जडते कशी, याचे उत्तर बहुतेकदा रुग्णाच्या दिनक्रमात सापडते. आपण तो लिहिलेला नाही, तरी कोकणातल्या एका शिक्षिकेचा दिवस कसा असतो हे मला ठाऊक आहे. पहाटे उठून डबे, पाणी, अंगण, मग सकाळची एस.टी.; म्हणजे आतड्याची लाट उठण्याची जी वेळ, तीच नेमकी धावपळीची. शाळेत संडास असेल तर त्याला पाणी नाही, पाणी असेल तर कडी नाही, म्हणून दुपारपर्यंत पाणीच कमी प्यावयाचे आणि भावना झाली तर दाबून टाकायची. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की माणसांनी भरलेल्या घरात एकच संडास, आणि सुनेचा नंबर शेवटचा. बाहेरचा स्नायू आवळून धरण्याचा असा वर्षानुवर्षे सराव झाला की सैल सोडण्याची वेळ आली तरी तो आवळलेलाच राहतो. त्यात पहिल्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला, म्हणजे श्रोणीच्या, म्हणजे कमरेच्या हाडांमधल्या पोकळीच्या, तळाच्या स्नायूंवर ताण आला असणार. योनी आणि मलाशय यांच्यामधला पडदा अशा वेळी सैल पडू शकतो; मग जोर केला की मलाशयाचा पुढचा भाग योनीच्या बाजूला फुगतो आणि मळ त्या खिशात अडकतो. याला रेक्टोसील म्हणतात, आणि पुढून दाब दिल्यावर आपले काम होते याचे ते एक संभाव्य कारण आहे. बाळंत झालेल्या पुष्कळ स्त्रियांत लहानसे रेक्टोसील असते आणि त्यांना काहीही त्रास नसतो, त्यामुळे अहवालात हा शब्द दिसताच शस्त्रक्रियेचा विचार करू नये. आधी स्नायूंचा मेळ सुधारावा. बऱ्याच जणींना तेवढे पुरते.

कमोडविषयीची आपली शंका रास्त आहे. उकिडवे बसल्यावर मांड्या पोटाशी येतात आणि मलाशयाचा बाक अधिक सरळ होतो; कमोडवर ताठ बसल्यावर तो तेवढा सरळ होत नाही. पण त्यासाठी नवा संडास फोडण्याचे कारण नाही. कमोडसमोर साधारण एक वीत उंचीचा पाट किंवा लहान स्टूल ठेवावे, त्यावर दोन्ही पावले टेकवावीत म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, पुढे वाकून कोपरे मांड्यांवर ठेवावीत. श्वास कोंडून, दात आवळून जोर करू नये. नाकाने श्वास घेऊन पोट पुढे फुगू द्यावे, कंबर रुंद होऊ द्यावी आणि तोंडाने सावकाश श्वास सोडताना गुदद्वार खाली सैल सोडण्याकडे लक्ष द्यावे. सुरुवातीला सैल सोडणे म्हणजे काय हेच कळत नाही. म्हणून आधी एकदा मुद्दाम आवळून पाहावे आणि मग सोडावे, तो फरक म्हणजेच सैलपणा. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. मोबाईल घेऊन अर्धा तास बसण्याने मूळव्याधीखेरीज काही पदरात पडत नाही.

वेळही ठरवून घ्यावी. नुसत्या चहाने आतड्याला तेवढा संकेत मिळत नाही; चहाबरोबर एखादी आंबोळी, घावन किंवा वाटीभर पेज पोटात जावी आणि त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, भावना असो वा नसो, बसावे. यासाठी सकाळी थोडे लवकर उठावे लागेल किंवा घरातल्या एखाद्याने डब्याचे काम अंगावर घ्यावे लागेल. दुसरा पर्याय मला अधिक पसंत आहे.

चूर्णासंबंधी थोडे खोलात जावे लागेल. सोनामुखी आतड्याच्या मज्जातंतूंना उत्तेजित करून लाट उठवते. ती काम करते यात शंका नाही आणि डॉक्टरी औषधांतही ती असते; तिच्यामुळे आतडे कायमचे लुळे पडते, हा सरसकट धाकही पुराव्याने फारसा सिद्ध झालेला नाही. खरी गोम अशी आहे की जोरदार रेचकाने मोठे आतडे जवळजवळ पूर्ण रिकामे होते आणि ते पुन्हा भरून लाटेला ढकलण्याजोगा ऐवज तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दोन-तीन दिवसांत शौचाला न होणे स्वाभाविक असते, पण माणूस घाबरतो आणि पुन्हा चमचा उचलतो. आपले प्रमाण एकाचे दोन चमचे झाले त्यामागे हे चक्र असावे. चूर्ण एका रात्रीत बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या जागी मळात पाणी धरून ठेवणारे औषध, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचे सिरप, सुरू करावे आणि चूर्ण हळूहळू कमी करावे. पावडरीचा प्रौढांसाठीचा नेहमीचा डोस दिवसाला १७ ग्रॅम असतो व तो पाण्यात विरघळवून घेतात. सिरपने काहींना वारा अधिक होतो. एरंडेल मात्र रोजच्या वापराची वस्तू नव्हे, आणि गरोदरपणात तर ते घेऊच नये.

सासूबाईंचा विषाचा मुद्दा त्यांच्या एकट्यांचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधले नामांकित शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन याच समजुतीपायी बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत असत. पुढे ती कल्पना टिकली नाही. साठलेल्या मळातून विष रक्तात भिनते याला पुरावा नाही. पोट जड वाटणे, डोके दुखणे, भूक मंदावणे हे होते, कारण मलाशय ताणलेले राहिले की जठराची हालचालही मंदावते. सासूबाईंशी वाद घालू नये, पण त्यांच्या भीतीपोटी जादा चमचाही घेऊ नये.

इसबगोलने त्रास वाढला, यातही आपले काही चुकलेले नाही. इसबगोल पाणी शोषून फुगते आणि मळाचा आकार वाढवते. गती नेहमीसारखी असलेल्यांना त्याने उत्तम आराम पडतो. पण बाहेर पडण्यातच अडचण असेल किंवा गती फार मंद असेल, तर मागे गर्दी तेवढी वाढते. स्नायूंचा मेळ सुधारल्यावर ते पुन्हा, एका लहान चमच्यापासून आणि प्रत्येक वेळी मोठा पेला भरून पाण्यासोबत, सुरू करून पाहता येईल. तोवर तंतू, म्हणजे अन्नातला न पचणारा चोथा (फायबर), जेवणातून मिळावेत. प्रौढ व्यक्तीला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पुरतात. आपल्या किनाऱ्यावरचे रोजचे जेवण भात आणि माशांचे, आणि माशात तंतू अजिबात नसतात. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे ते तीन ग्रॅमच्या आतच असतात, तर नाचणीत सुमारे अकरा ग्रॅम. एका वेळच्या भाताऐवजी नाचणीची भाकरी, आठवड्यातून तीन-चारदा कुळथाची उसळ, काळे वाटाणे, चवळी किंवा वालाचे बिरडे, पावसाळ्यात टाकळा, अळू, कुर्डू आणि एरवी शेवग्याचा पाला, केळफूल, फणसाची भाजी. यासाठी बाजारातून वेगळे काही आणावे लागत नाही. हे बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावेत, नाहीतर पोट फुगेल आणि दोष बिचाऱ्या कुळथावर येईल. सोलकढी चवीसाठी अवश्य प्यावी, बद्धकोष्ठतेवर औषध म्हणून तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. पाण्याचेही तसेच: शरीरात पाणी पुरेसे असेल तर हंडाभर जादा पिऊन मळ मऊ होत नाही, जादाचे लघवीवाटे निघून जाते. मात्र वैशाखातल्या घामाच्या दिवसांत आणि शाळेत मुद्दाम तहान मारत असाल तर कमतरता होतेच, तेवढी भरून काढावी.

गोळ्यांकडे लक्ष हवे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी मळ कडक होतो, आणि लोहामुळे तो काळाही दिसतो. आपल्या मनाने त्या थांबवू नयेत. लोहाचा प्रकार बदलता येतो, एक दिवसाआड घेऊन चालेल का हे विचारता येते, आणि कॅल्शियम खरेच लागते का हेही विचारावे. इतर वाचकांसाठी सांगते की ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, रक्तदाबावरचे व्हेरापामिल, नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन आणि अ‍ॅल्युमिनियम असलेली पित्तावरची औषधे यांनीही मलावरोध होतो. थायरॉईड मंदावणे, मधुमेह, कंपवात आणि रक्तातले कॅल्शियम वाढणे ही कारणे तपासून घ्यावी लागतात. आपली त्यातली दोन झालेली आहेत.

कॅन्सरची भीती आपण बाजूला ठेवू शकता. गेल्या वर्षी मोठे आतडे पूर्ण पाहून झाले आहे आणि आपला त्रास वीस वर्षांचा, एकाच धाटणीचा आहे. शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणे, रक्तातले लोह सतत कमी येणे, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सवयीत अचानक पडलेला फरक, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर कोणीही घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आपल्याला लोहाच्या गोळ्या कशासाठी दिल्या, हे त्या दृष्टीने एकदा डॉक्टरांशी बोलून घ्यावे. पाळीत रक्तस्राव जास्त जात असेल तर उत्तर तिथेच मिळेल. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि रेचक मुळीच घेऊ नये.

आता तपासणीचे. पहिली तपासणी यंत्राविना होते. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासतात आणि आपल्याला शौचाला बसल्यासारखा जोर करायला सांगतात; त्या वेळी स्नायू सैल होतो की बोटाभोवती आवळला जातो, हे अनुभवी हाताला लगेच कळते. ही तपासणी आपल्याकडे फार टाळली जाते, रुग्णाकडूनही आणि डॉक्टरांकडूनही. स्त्री डॉक्टर मागण्याचा किंवा सोबत बाई असण्याचा आग्रह धरण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पुढची पायरी म्हणजे मलाशयाच्या दाबाचे मोजमाप, ज्याला अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री म्हणतात, आणि फुग्याची चाचणी: ५० मिलिलिटर पाणी भरलेला लहान फुगा मलाशयात ठेवतात आणि तो एक-दोन मिनिटांत बाहेर टाकता येतो का ते पाहतात. गरज पडल्यास क्ष-किरणात दिसणाऱ्या खुणांची कॅप्सूल गिळायला देऊन पाचव्या दिवशी किती खुणा आत उरल्या ते मोजतात, त्यावरून गती कळते. या सोयी मोठ्या शहरातल्या पोटविकार विभागांतच असतात. आपल्या भागातले लोक अशा कामासाठी गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा मुंबईला जातात. जाण्याआधी या चाचण्या आणि बायोफीडबॅक हा पुढे सांगितलेला उपचार, दोन्ही होतात का, हे फोन करून विचारावे म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

बायोफीडबॅक हाच या बिघाडावरचा मुख्य उपचार आहे. मलाशयात बारीक नळी ठेवून स्नायूंचा दाब पडद्यावर आलेखरूपात दाखवतात. जोर करताना स्नायू आवळला गेला तर तो डोळ्यांना दिसतो, आणि श्वासाची पद्धत बदलून तो खाली कसा आणायचा हे रुग्ण स्वतः शिकतो. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा बैठका लागतात. तुलनात्मक अभ्यासांत अशा रुग्णांना रेचकांपेक्षा याचा अधिक उपयोग झाला आणि तो टिकलाही. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत हे बसवता येईल. तोवर श्रोणीच्या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट मिळाल्या तर वर सांगितलेला श्वासाचा सराव त्यांच्याकडून तपासून घ्यावा. एक सावधगिरी बाळगावी: बाळंतपणानंतर शिकवतात ते गुदद्वार आवळण्याचे व्यायाम आपल्याला निदान आत्ता उपयोगाचे नाहीत, कारण आवळणे आपल्याला चांगलेच येते. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्यावी: कोणत्या दिवशी झाले, किती वेळ बसलात, जोर आणि दाब लागला का, काय घेतले होते, आणि मळ कसा होता. मळाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात सुट्या खड्यांपासून निव्वळ पातळापर्यंत सात प्रकार आहेत, आणि तिसरा व चौथा चांगला समजतात.

मुलीचा प्रश्न आपण शेवटी लिहिला असला तरी उपचार तिचा आधी व्हावा. लहान मुलांत गोष्ट बहुधा एका दुखऱ्या शौचाने किंवा घाणेरड्या संडासाच्या किळसेने सुरू होते. मूल अडवून धरते, त्यामुळे मळ मोठा आणि कडक होतो, पुढच्या वेळी अधिक दुखते आणि मूल आणखी अडवते. पाय एकमेकांवर दाबून कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी जोर करते आहे असे आपल्याला वाटते, पण ती पुष्कळदा अडवून धरत असते. मलाशय सतत भरलेले राहिल्याने ताणून मोठे होते, भरल्याची भावना बोथट होते आणि साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ पाझरून चड्डीला डाग पडतात. हे तिला खरोखर कळत नाही. म्हणून तिला रागावणे, लाजवणे किंवा भावंडांसमोर बोलणे पूर्ण बंद करावे. बालरोगतज्ज्ञांकडून आधी साठलेला मळ तोंडावाटे औषध देऊन मोकळा करून घ्यावा, आणि मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज वजनाप्रमाणे रोज द्यावे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, पावलांखाली पाट घेऊन, तिला निवांत बसवावे आणि झाले नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्यावी. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी मुलींच्या संडासाची कडी आणि पाणी याविषयी बोलावे. आपण स्वतः शिक्षिका असल्याने हे इतर पालकांपेक्षा आपल्याला सोपे जाईल, आणि तेच आपल्या शाळेतही करून घ्यावे. घरोघरी होणारी चूक एकच: आठ-पंधरा दिवसांत डाग थांबले की औषधही थांबवले जाते आणि महिन्याभरात सगळे पुन्हा सुरू होते. औषध निदान दोन महिने चालावे, आणि सलग महिनाभर काहीही त्रास राहिला नाही तरच डॉक्टरांना विचारून ते थोडे थोडे कमी करावे.